उकिडवं बसणाऱ्याची कारकीर्द

एकदा उकिडवं बसून बघा. टाचा जरा उचललेल्या, गुडघे बाहेरच्या बाजूला, मान ताठ. दोन मिनिटांत मांड्या भरून येतात. आता तोंडावर जाळीचा मुखवटा, छातीला आणि नडग्यांना कवच, डाव्या हातात गादीसारखा जाड मिट, म्हणजे चेंडू झेलायचा हातमोजा. समोर साडेअठरा मीटरवरून ताशी १५० किलोमीटरच्या आसपासच्या वेगानं चेंडू येतोय आणि तुमच्या मिटच्या जेमतेम हातभर पुढून कुणीतरी जीव खाऊन बॅट फिरवतंय. हे एका सामन्यात साधारण दीडशे वेळा, आणि वर्षाला शंभर-सव्वाशे सामने. बेसबॉलमधल्या कॅचरचं पोट यावर चालतं.

क्रिकेट पाहत वाढलेल्या आपल्या डोळ्यांना कॅचर दिसला की यष्टिरक्षक आठवतो. ही तुलना थोडा वेळ उपयोगी पडते आणि मग तोकडी पडते. क्रिकेटमध्ये पुढचा चेंडू कसा टाकायचा हे गोलंदाज ठरवतो, कीपर तो येईल तसा अडवतो. बेसबॉलमध्ये चेंडू टाकतो पिचर, पण तो वेगवान असावा की वळणारा, आत यावा की बाहेर, छातीजवळ की गुडघ्याजवळ, हे बहुतेक वेळा मागे बसलेला कॅचर सुचवतो. पिचर मान हलवून नाही म्हणू शकतो. काही संघांत इशारा बाकावरच्या प्रशिक्षकाकडूनही येतो. तरी रोजच्या व्यवहारात हा निर्णय कॅचरच्या डोक्यात शिजतो. नऊ खेळाडूंपैकी आठांचं तोंड त्याच्याकडे असतं आणि त्याचं त्या आठांकडे. सगळं मैदान एका नजरेत दिसणारा तो एकटाच.

त्याच्या कारकिर्दीचं मोल मोजणं अवघड आहे आणि त्याचंच मला कुतूहल वाटत आलंय. बॅटरनं मारलेले होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर जाणारे फटके, मोजता येतात. कॅचरचं निम्मं काम म्हणजे काहीतरी होऊ न देणं. जे झालंच नाही ते वहीत मांडायचं कसं? हे समजून घ्यायला मला सगळ्यात जास्त मदत झाली ती यादिएर मोलिना या माणसाची. सेंट लुईस कार्डिनल्स या एकाच संघासाठी तो २००४ ते २०२२ अशी एकोणीस वर्षं खेळला आणि २,१८४ सामन्यांत प्लेटमागे, म्हणजे कॅचरच्या जागी, बसला. एकाच संघाकडून इतके सामने दुसऱ्या कुठल्याही कॅचरच्या नावावर नाहीत.

यादिएर प्वेर्तो रिकोतल्या बायामोनचा, जन्म १९८२ चा. तीन भावांत धाकटा. वडील बेंहामिन कारखान्यात कामाला होते आणि स्वतः हौशी बेसबॉलमधले नावाजलेले खेळाडू. संध्याकाळी कामावरून आले की पोरांना घेऊन घरासमोरच्या मैदानात. थोरला बेंजी, मधला होसे, धाकटा यादिएर. तिघेही कॅचर झाले, तिघेही मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीवर, खेळले आणि तिघांकडेही वर्ल्ड सिरीज ही विजेतेपदाची मालिका जिंकल्याची अंगठी आली. बेंजीला तर सुरुवातीला कुठल्याच संघानं खेळाडू-निवडीत घेतलं नव्हतं. नंतर वेगळा करार करून तो एंजल्सकडे गेला आणि २००२ साली होसेसोबत त्याच संघातून विजेता ठरला. वडील २००८ साली वारले ते पोरांना शिकवताना, त्याच मैदानावर.

कॅचर घडतो कसा हे यादिएरच्या सुरुवातीच्या चार वर्षांत दिसतं. २००० साली चौथ्या फेरीत कार्डिनल्सनी त्याला निवडलं. मग जॉन्सन सिटी, पिओरिया, टेनेसी, मेम्फिस. मायनर लीगच्या या पायऱ्या म्हणजे बसचे लांबलचक प्रवास, छोटी मैदानं आणि तुटपुंजा पगार. बॅटरला या काळात आपली बॅट घोटायची असते. कॅचरला त्याशिवाय दहा-बारा पिचर पाठ करायचे असतात. कुणाचा कर्व्ह (वळत खाली पडणारा चेंडू) थकल्यावर वर राहतो, कुणाला मार बसला की राग येतो, कुणाच्या खांद्यावर हात ठेवून बोलायचं आणि कुणाला सरळ दटावायचं. त्यात भाषाही आली. एका संघात टेक्सासचा, डोमिनिकन रिपब्लिकचा, व्हेनेझुएलाचा आणि जपानचा पिचर असू शकतो. या सगळ्यांशी पंधरा सेकंदांत कामापुरतं बोलता आलं पाहिजे. स्पॅनिशमध्ये वाढलेला यादिएर ते इंग्रजीत करायला शिकला. या शिक्षणाला प्रमाणपत्र नसतं, म्हणून कॅचर इतरांपेक्षा उशिरा पिकतात. तरुण कॅचरची बॅट चालत नसली तरी संघ थांबतात, ते याचसाठी.

३ जून २००४ ला तो वरच्या संघात आला तेव्हा तिथला मुख्य कॅचर होता माइक मॅथेनी, उत्तम बचावासाठी मिळणारं गोल्ड ग्लव्ह पारितोषिक आदल्याच वर्षी मिळवलेला. त्या मोसमानंतर मॅथेनी सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि जागा मोलिनाला मिळाली. या मॅथेनीकडे पुन्हा यायचंय.

आता कामाची थोडी उकल. होम प्लेट, म्हणजे बॅटर जिच्याशेजारी उभा राहतो ती जमिनीतली पाटी, ४३ सेंटिमीटर रुंद असते. तिच्यावर बॅटरच्या गुडघ्याखालपासून छातीच्या मध्यापर्यंत एक अदृश्य चौकट कल्पायची. बॅटरनं बॅट फिरवली नाही आणि चेंडू चौकटीतून गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, चार बॉल झाले की त्याला पहिला बेस, म्हणजे धाव पुरी करायच्या वाटेवरचा पहिला थांबा, फुकट. हा निवाडा कॅचरच्या मागे वाकून उभा असलेला अंपायर अर्ध्या सेकंदात करतो. चौकटीच्या कडेला घासून जाणारा चेंडू दोन्ही बाजूंनी वाचता येतो, आणि तिथे कॅचरचा हात बोलतो. मिट झटक्यानं बाहेर गेला तर चेंडू बाहेरचा वाटतो. तोच चेंडू मनगट न हलवता, मिट किंचित आत येताना, शांतपणे घेतला तर स्ट्राइक मिळण्याची शक्यता वाढते. याला फ्रेमिंग म्हणतात. याला फसवणूक म्हणणारे आहेत, मला ते पटत नाही. चांगला चेंडू चांगला दिसेल असा घेणं हे कौशल्य आहे, आणि वाईट हातांचा कॅचर आपल्या पिचरचे हक्काचे स्ट्राइकही घालवतो.

यातला उस्ताद होता मधला भाऊ होसे. बॅट बेताची, पाय संथ, कारकीर्दभर बहुतेक वेळ दुसऱ्या क्रमांकाचा कॅचर. पुढे प्रत्येक चेंडूचा मार्ग कॅमेऱ्यांनी टिपला जाऊ लागला आणि अभ्यासकांनी हिशेब केला, तेव्हा दिसलं की हा माणूस केवळ हातांच्या शांतपणावर वर्षाला कितीतरी धावा वाचवत होता. टँपा बे रेजनी त्याला २०१२ साठी करारबद्ध केलं ते छत्तिशी ओलांडल्यावर, आणि तेही मुख्य कॅचर म्हणून. वीस वर्षं करत असलेल्या कामाची किंमत कळायला यंत्र यावं लागलं.

फेकीचं गणित मला फार आवडतं. पहिल्या बेसवरचा धावपटू पिचरनं हालचाल सुरू करताच दुसरा बेस चोरायला पळतो. पुढे सरकून उभा असल्यामुळे त्याला साधारण ३.४ सेकंद लागतात. पिचरची हालचाल आणि चेंडू मिटमध्ये पोचणं, मिळून १.३ सेकंद. उरले २.१. तेवढ्यात कॅचरनं चेंडू मिटमधून काढायचा, पाय लावायचे आणि जवळपास ३९ मीटरवर, गुडघ्याच्या उंचीवर फेकायचा. चांगल्या कॅचरला यासाठी दोन सेकंद लागतात, अव्वल कॅचरला १.९ च्या आत. सगळा खेळ एका दशांश सेकंदाचा. (कॅचर जवळजवळ सगळे उजव्या हातानं फेकणारे असतात. मेजर लीगमध्ये डावखुरा कॅचर शेवटचा दिसला तो १९८९ साली.)

मोलिना २००५ साली पहिल्यांदा पूर्णवेळ खेळला तेव्हा त्याच्यासमोर चोरी करायला निघालेल्यांपैकी ६४ टक्के त्यानं बाद केले. त्या काळी तिशीच्या आतबाहेरचा आकडासुद्धा सर्वसाधारण मानला जाई. पूर्ण कारकिर्दीत त्याचं प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात राहिलं. खरी गोष्ट मात्र या आकड्यांच्या पलीकडे आहे. लोकांनी त्याच्यासमोर पळणंच कमी केलं. पहिल्या बेसवर ते चार पावलं पुढे उभे राहायचे तिथे तीन पावलांवर राहू लागले, कारण हा माणूस बसल्या जागेवरून, गुडघ्यावरून, पहिल्या बेसकडेही चेंडू फेकायचा. तीन पावलांवर उभा असलेला धावपटू पुढच्या फटक्यावर तिसऱ्या बेसला पोचत नाही, दुसऱ्यावर थांबतो. त्या धावेची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही.

चेंडू निवडण्याच्या कलेचं माझं आवडतं उदाहरण १९ ऑक्टोबर २००६ चं. न्यूयॉर्कचं शे स्टेडियम, मेजर लीगच्या दोन गटांपैकी नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा सातवा सामना. त्या मोसमात मोलिनाची बॅटिंग सरासरी होती .२१६ (दर हजार संधींत २१६ यशस्वी फटके), म्हणजे नियमित खेळणाऱ्यांत तळाची. नवव्या इनिंगला बरोबरी असताना त्यानंच दोन धावांचा होमरन मारला आणि कार्डिनल्स ३-१ असे पुढे गेले. मग शेवटच्या अर्ध्या इनिंगला मेट्सनी तिन्ही बेस भरले. दोन बाद. बॅटला कार्लोस बेल्ट्रान, त्या वर्षी ४१ होमरन मारलेला. माऊंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, अॅडम वेनराइट, पहिल्याच पूर्ण मोसमातला पोरगा, नेहमीचा शेवटचा पिचर जखमी म्हणून त्या जागी आलेला. मोलिना उठून त्याच्याकडे गेला. पहिला चेंडू कुठला, ते दोघांनी मिळून ठरवलं. परत येऊन उकिडवं बसला आणि त्यानं बेत बदलला. बोटांनी चेंजअपची खूण केली, म्हणजे हाताची झेप वेगवान चेंडूची पण चेंडू मंद. वेनराइटनं ऐकलं. स्ट्राइक. दुसरा कर्व्ह, बेल्ट्राननं कसाबसा हद्दीबाहेर फाउल केला. तिसराही कर्व्ह, वरून सुटलेला, शेवटच्या क्षणी गुडघ्यापाशी पडलेला. बेल्ट्रान बॅट खांद्यावर ठेवून बघत राहिला. सामना संपला, आणि पुढच्या आठवड्यात कार्डिनल्स वर्ल्ड सिरीज जिंकले.

तीन चेंडूंच्या या गोष्टीत पिचरचं मनगट आहेच. पण भरल्या मैदानात, तिन्ही बेसवर माणसं असताना, पंचविशीच्या पिचरनं चोविशीच्या कॅचरचा बदललेला बेत एका क्षणात मान्य केला, हा विश्वास मला जास्त मोठा वाटतो. तो विश्वास पुढे सोळा वर्षं टिकला. वेनराइट आणि मोलिना या जोडीनं मिळून ३२८ सामन्यांची सुरुवात केली. डेट्रॉइटच्या मिकी लोलिच आणि बिल फ्रीहन यांचा ३२४ चा जुना विक्रम त्यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये मागे टाकला. आजच्या काळात खेळाडू इतक्या सहज संघ बदलतात की हा विक्रम पुन्हा मोडला जाईल असं मला वाटत नाही.

बोटांच्या खुणांची पद्धत मात्र संपत आलीय. दुसऱ्या बेसवरच्या धावपटूला त्या दिसतात, म्हणून कॅचर त्या गुंतागुंतीच्या करत गेले. मग ह्यूस्टन अॅस्ट्रोजनी २०१७ साली कॅमेऱ्यानं खुणा टिपून, कचऱ्याचा डबा बडवून आपल्या बॅटरला कळवल्याचं पुढे उघड झालं आणि मोठा गहजब झाला. २०२२ पासून कॅचरच्या मनगटावर किंवा गुडघ्याच्या पॅडवर बटणांची छोटी पाटी आली. तो बटण दाबतो, पिचरला टोपीतल्या स्पीकरमध्ये चेंडूचं नाव ऐकू येतं. पुढच्याच वर्षी पिचरनं ठरावीक वेळात चेंडू टाकावा म्हणून घड्याळ आलं, त्यामुळे विचाराचा वेळही कमी झाला.

आता शरीराबद्दल, कारण या कारकिर्दीचा शेवट तेच ठरवतं.

कॅचरची कवचं हळूहळू आली. मुखवटा १८७७ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठाच्या फ्रेड थेयरनं तलवारबाजीच्या मुखवट्यावरून बनवला. नडग्यांचे पॅड १९०७ साली न्यूयॉर्क जायंट्सच्या रॉजर ब्रेसनहननं उघडपणे घातले, आणि ते होते क्रिकेटच्या पॅडच्या धर्तीवरचे! तेव्हा प्रेक्षकांनी त्याची टर उडवली. या सगळ्या सरंजामाला अमेरिकेत लाडानं ‘अडाण्याची अवजारं’ अशा अर्थाचं नाव आहे. शहाणा माणूस हे काम पत्करेल कशाला, असा त्याचा रोख. हे नाव ज्याच्या नावावर सांगतात तो मडी रूएल स्वतः कॅचर होता आणि शिकलेला वकीलही.

कवच असूनही मार बसतोच. सगळ्यात वाईट म्हणजे फाउल टिप. बॅटला चाटून दिशा बदललेला चेंडू थेट मुखवट्यावर. मुखवटा चेहरा वाचवतो, पण आतला मेंदू हादरायचा तो हादरतो. मॅथेनीचं हेच झालं. २००६ साली लागोपाठ असे चेंडू डोक्याला बसले, विसरभोळेपणा आणि थकवा जाईना, आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. मिनेसोटाचा जो मावर, बॅटिंगची सर्वोच्च सरासरी तीनदा मिळवणारा कॅचर, २०१३ साली असाच मार बसल्यावर प्लेटमागची जागा सोडून पहिल्या बेसवर गेला. मोलिनाला २०१८ च्या मे महिन्यात ताशी १६० किलोमीटरहून वेगवान चेंडूचा फाउल टिप जांघेत बसला. त्याच रात्री शस्त्रक्रिया करावी लागली. महिन्याभरात तो परत उकिडवा बसलेला होता.

आणि टक्कर. पूर्वी तिसऱ्या बेसवरून येणारा धावपटू प्लेट अडवून बसलेल्या कॅचरला धडक देऊन चेंडू पाडू शकत असे. २५ मे २०११ ला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या बस्टर पोझीला अशीच धडक बसली. पायाचं हाड मोडलं, घोट्याचे स्नायुबंध फाटले. पोझी तेव्हा चोवीस वर्षांचा, आदल्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकलेला. (त्याला जागा करून द्यायला जायंट्सनी ज्या कॅचरला २०१० च्या मध्यात दुसरीकडे पाठवलं तो बेंजी मोलिना. गंमत अशी की त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याचे जुना आणि नवा असे दोन्ही संघ समोरासमोर आले, त्यामुळे बेंजीला अंगठी कुठूनही मिळणारच होती.) पोझी परतला आणि २०१२ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण नियम बदलायला २०१४ उजाडलं. आता धावपटूनं मुद्दाम धडकायचं नाही आणि चेंडू हातात नसताना कॅचरनं वाट अडवायची नाही. जुन्या चाहत्यांना यात खेळाची रग गेल्यासारखं वाटतं. मला वाटतं हा बदल पन्नास वर्षं आधी यायला हवा होता.

म्हणूनच कॅचर रोज खेळत नाही. मोसम १६२ सामन्यांचा. १९६८ साली शिकागो कब्जच्या रँडी हंडलीनं त्यातल्या १६० सामन्यांत कॅचिंग केलं. आज कुठलाही संघ तसं करू देणार नाही. आठवड्यात एक-दोन दिवस दुसरा कॅचर बसतो, आणि या दुसऱ्याचीही स्वतंत्र कारकीर्द असते. जेफ मॅथिस सतरा मोसम मेजर लीगमध्ये टिकला. त्याची बॅटिंग सरासरी .१९४. दुसऱ्या कुठल्याही जागेवरचा खेळाडू या सरासरीवर दोन वर्षांत घरी गेला असता. पिचरना मॅथिस हवा असायचा, एवढं कारण पुरलं.

मोलिनाची बॅट मात्र सुधारली. २०१२ आणि २०१३ साली त्याची सरासरी .३१५ आणि .३१९ अशी राहिली, पाच वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलरचा करार झाला. या दोन वर्षांत त्याचा व्यवस्थापक कोण होता, तर मॅथेनी, ज्याची जागा त्यानं घेतली होती तो. कॅचरच्या निवृत्तीनंतरचा हा नेहमीचा रस्ता आहे. जो टोरी, ब्रूस बोची, माइक सोशिया हे सगळे आधी कॅचर होते. वीस वर्षं सगळं मैदान समोर ठेवून विचार केलेल्या माणसाला बाकावर बसून तेच करायचं असतं, फक्त गुडघे दुखत नाहीत. मोलिनानंही २०२३ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये प्वेर्तो रिकोचा संघ सांभाळला. पोझी तर २०२४ पासून जायंट्सच्या सगळ्या बेसबॉल व्यवहाराचा प्रमुख आहे.

पुढच्या पिढीचं काम बदलतंय. २०२६ च्या मोसमापासून अंपायरच्या स्ट्राइक-बॉलच्या निवाड्याला यंत्राकडे दाद मागण्याची सोय आलीय. प्रत्येक संघाला दोन संधी, दाद बरोबर ठरली तर संधी शाबूत. ती मागू शकतात फक्त बॅटर, पिचर आणि कॅचर, आणि तीही लगेच, बाकाकडे न बघता. फ्रेमिंगचं महत्त्व यानं कमी होईल असं म्हणतात. मला वाटतं काही काळ तरी उलट होईल. चौकट नेमकी कुठे संपते हे ज्याला हाताला कळतं, तोच कुठल्या चेंडूवर संधी खर्चायची हे ठरवेल.

मोलिनाचं नाव बेसबॉलमधल्या थोरांच्या हॉल ऑफ फेमच्या मतदानात पहिल्यांदा २०२८ च्या यादीसाठी येईल. निवडून यायला ७५ टक्के मतं लागतात. विरोधात बोलणारे आकडे पुढे करतील: सरासरी .२७७, होमरन १७६, तर कॅचर म्हणून माइक पियाझाचे ३९६. बाजूनं बोलणाऱ्यांकडे नऊ गोल्ड ग्लव्ह आणि दोन विजेतेपदं आहेत. मला मत असतं तर मी विचार न करता त्याला दिलं असतं, पहिल्या बेसपासून तीनच पावलांवर उभे राहिलेल्या त्या सगळ्या धावपटूंसाठी. निकाल जानेवारी २०२८ मध्ये लागेल.